मोटर कशाने मरते

कामाच्या आठवणी लिहून दे, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. अशा आठवणी निवृत्त माणसं लिहितात. माझं तर शिक्षणच अजून संपायचं आहे. पण सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर मोटरी, असं मी अकरावीपासून करते आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तशी कामाविषयी लिहिणारीही पहिलीच असणार. कुठे काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं दुकान मोशीच्या पुढे चाकण रस्त्याला आहे. पप्पा लातूरकडून इथे कंपनीत कामाला आले होते. कंत्राट संपलं तेव्हा गावी परत न जाता ते एका ओळखीच्या माणसाकडे मोटर भरायला शिकले. मोटर भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. ते काम बसून, लक्ष देऊन करायचं असतं, दुकान सोडून उठता येत नाही. म्हणून बाहेरची कामं हळूहळू माझ्याकडे आली. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातच विचारायचं, "वडील मागून येतायत का?" मी म्हणायचे, "नाही, मीच." आणि हत्यारांची पेटी उघडून सरळ कामाला लागत असे. त्यावर दुसरा उपाय मला अजून सापडलेला नाही.

आमच्या धंद्यात पाण्याचा दाब किलोत मोजतात. दीड किलो, अडीच किलो. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी मला दाब विचारला आणि मी सवयीने "दीड किलो" म्हणाले. सर म्हणाले, "कांदे आहेत का?" वर्ग हसला. मला वाईट वाटलं. घरी सांगितलं तेव्हा पप्पा तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "सरायच्या घरी मोटर असंल तर त्यायला बी एक दिवस किलोच म्हणावं लागतंय."

ज्यांचा मोटरीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. विहिरीतली मोटर पाणी वर ढकलते. पूर्वी ते गच्चीवरच्या टाकीत जायचं आणि तिथून आपल्या वजनाने नळाला यायचं. आता लोकांना नळ उघडताच जोर हवा असतो. म्हणून मोटरीच्या लाइनीवर एक बंद लोखंडी टाकी बसवतात. टाकीत रबराचा फुगा असतो. पाणी फुग्यात शिरतं आणि बाहेरची हवा दबली जाते. नळ उघडला की ती दबलेली हवा फुग्यातलं पाणी ढकलते, आणि तेवढा वेळ मोटरीला विसावा मिळतो. मोटर कधी सुरू व्हायची आणि कधी थांबायची, हे शेजारची एक छोटी डबी ठरवते. तिला प्रेशर स्विच म्हणतात. दाब दीड किलोवर उतरला की मोटर चालू, अडीचला पोचला की बंद, असं काहीतरी तिच्यात लावून दिलेलं असतं. हे लावायला आत दोन नट असतात. मोठा नट आवळला तर चालू होण्याचा आणि बंद होण्याचा, दोन्ही दाब वर जातात. छोट्या नटाने फक्त बंद होण्याचा दाब खालीवर होतो.

लोकांना वाटतं, मोटर चालून चालून मरते. तसं क्वचितच होतं. मोटर मरते ती बहुतेक दोन कारणांनी. एक म्हणजे सारखी चालू-बंद होऊन. उभी गाडी ढकलून हलवताना जसा सगळा जोर पहिल्या धक्क्याला लागतो, तसं मोटरीला सुरू होताना सगळ्यात जास्त करंट लागतो. दुसरं म्हणजे थांबताच न आल्याने. बंद व्हायचा दाब इतका वर लावून ठेवतात की मोटर तिथपर्यंत पोचूच शकत नाही. नळ सगळे बंद, पाणी कुठे जात नाही, आणि मोटर बिचारी जागच्या जागी रेटत राहते, तापत राहते.

चाकणला कंपनीतल्या पोरांना खोल्या भाड्याने देणारे एक मालक आमच्याकडे येतात. शिफ्ट सुटली की सगळे एकदम अंघोळीला जायचे आणि वरच्या मजल्यावरून ओरड यायची, म्हणून त्यांनी डबीचा दाब स्वतःच वाढवून घेतला. मी गेले तेव्हा मोटर कधीची चालू होती आणि नळ एकही उघडा नव्हता. मी म्हणाले, ही बंद होत नाहीये. ते अभिमानाने म्हणाले, "दोन-दोन दिवस बंद होत न्हाई, ताई. मजबूत मोटर हाय." ती पंधरवड्यात आमच्या दुकानात आली.

पण मला लिहायचं आहे ते चऱ्होलीच्या विहिरीबद्दल.

तिथे दोन सख्खे भाऊ राहतात. थोरल्यांना सगळे नाना म्हणतात, धाकट्यांना अण्णा. नावं मुद्दाम देत नाही. दोघांची शेती होती. आता भोवती सोसायट्या उभ्या आहेत. अण्णांनी आपल्या वाट्यातून बराचसा तुकडा विकून तीन मजली घर बांधलं, वर भाडेकरू ठेवले. नानांनी उरलेल्या जमिनीवर रोपांची नर्सरी काढली. सोसायट्यांच्या बागांना लागणारी जास्वंद, कण्हेर, कुंड्यांतली झाडं ते विकतात, आणि घर त्यावरच चालतं. वाटण्या झाल्या त्या वेळी बांधावरून काहीतरी बिनसलं, तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. फक्त विहीर एकच राहिली. तिच्यात एक मोटर, आणि काठावरच्या पत्र्याच्या खोलीत ती टाकी आणि ती डबी.

पाणी पाळीने. एक दिवस नानांचा, एक दिवस अण्णांचा. ज्याची पाळी त्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडा, दुसऱ्याचा बंद. ज्याची पाळी नसेल त्याने आपल्या टाकीत साठवलेलं पाणी वापरायचं. शेती होती तेव्हापासून हे असंच चालत आलेलं.

मोटर वर्षाच्या आत दुसऱ्यांदा जळून आमच्याकडे आली. पप्पांनी ती उघडली आणि मला बोलावून दाखवली. तार एका जागी नाही, सगळीकडून सारखी काळी पडली होती. म्हणजे पाणी शिरलं नव्हतं, व्होल्टेजचा झटकाही नव्हता, मोटर नुसती तापून गेली होती. पप्पा म्हणाले, "भरून देतो. पर कारण कळल्याबिगर बसवू नको. नाहीतर पुन्हा आपल्याच दारात यायली बघ."

मी मोटर घेऊन गेले तेव्हा नाना विहिरीजवळच उभे होते. त्यांनी आधी मोटरीचं काही विचारलंच नाही. ते बोअरच्या गाडीबद्दल बोलले. अण्णांनी कंटाळून बोअर घ्यायचं ठरवलं होतं, विहिरीच्या वरच्या अंगाला, आपल्या हद्दीत. गाडी सोमवारी येणार होती.

"त्या अंगानंच हिरीला झरा हाय," नाना म्हणाले. "तिथं भोक पाडलं की पाणी तिकडं जायचं. मग माझी रोपं मी कशावर जगवू? त्याला आडवायचा मला हक्क न्हाई. जागा त्याची हाय. पर पोरी, ही मोटर टिकली तर त्याला बोअर कशाला लागतंय?"

त्यानंतर मी अण्णांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि सरळच सांगितलं. वर भाडेकरू आहेत, मोटर जळली की चार दिवस बायका त्यांच्या दारात येऊन उभ्या राहतात. नानांच्या नर्सरीचे फवारे दिवसभर चालतात, त्याने मोटर जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. नानांचं म्हणणं होतं, अण्णांच्या तीन मजल्यांनी जाते.

मी दोघांनाही वेगवेगळं विचारलं, त्या डबीला कुणी हात लावतं का. नाना म्हणाले, "न्हाई बाय. तिला कशाला कोण हात लावंल?" अण्णा म्हणाले, "आमी न्हाई लावत. त्यांचं मला म्हाईत न्हाई." दोघंही खरं बोलत आहेत असं मला वाटलं. पण डबीचं झाकण उघडलं तेव्हा आतले नट चकचकीत होते. दोन-तीन वर्षं कुणी न शिवलेला नट असा नसतो, त्यावर गंज धरतो. मोठ्या नटाच्या कडा तर पान्याने झिजलेल्या होत्या.

 मोठी माणसं खोटं बोलतायत असं म्हणायचं तरी कसं? मी मोटर बसवली. दाब दाखवणारा जुना काटा कधीचा अडकून पडला होता, त्याच्या काचेत पाणी शिरलं होतं, तो काढून नवा लावला. टाकीतली हवा जवळजवळ संपली होती, ती भरली. या टाकीला दुचाकीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, हवा साध्या पंपाने भरता येते. मग दीड किलोला चालू आणि अडीचला बंद, असं डबीत लावलं आणि तीन-चारदा चालवून पाहिलं. मोटर छान, दमाने चालत होती. थांबत होती, विसावा घेत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाण्याआधी मी एकदा बघून जावं म्हणून सकाळीच चऱ्होलीला गेले. त्या सकाळी पाळी बदलायची होती, नानांकडून अण्णांकडे. मी पोचले तेव्हा नाना खोलीत होते. त्यांनी आपला व्हॉल्व्ह बंद केला, अण्णांचा उघडला. मग खिशातून पाना काढला, डबीचं झाकण उघडलं आणि मोठा नट आवळायला घेतला. मी दारात उभी होते. त्यांनी मला पाहिलं, ओळखीचं हसले आणि नट फिरवत राहिले. काही लपवायचं आहे असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी म्हणाले, "नाना, कुणी हात लावत नाही म्हणाला होता ना?"

"हात कुठं लावतोय?" ते म्हणाले. "पाळी देतोय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. शेतात पाणी पाळीने असतं तेव्हा आपली पाळी संपली की नुसतं निघून यायचं नाही. आपल्याकडचं तोंड मातीने बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं, पाटातला पालापाचोळा काढायचा. तो शेतावर येईल तेव्हा पाणी त्याच्या वाफ्याकडे लागलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याला येऊन खटपट करायला लागली तर ती पाळी दिली असं होत नाही. त्यांचे वडील तसंच करायचे. आता पाट राहिला नव्हता, ही डबी आली होती. अण्णांना वरच्या मजल्यासाठी जोर लागतो, म्हणून नाना त्यांच्या पाळीआधी मोठा नट आवळून द्यायचे. नर्सरीच्या बारीक नळ्यांना जोर सोसत नाही, म्हणून अण्णा नानांच्या पाळीआधी दाब उतरवून द्यायचे. बोलणं बंद झालं तरी हे बंद झालं नव्हतं. आणि ते इतकं रोजचं होतं, की मी "हात लावता का" असं विचारलं तेव्हा दोघांच्याही मनात ते आलंच नाही.

इतक्यात अण्णा आले. व्हॉल्व्ह बघायला ते रोज येत असणार, पण मला आणि नानांना एकत्र पाहून ते दारातच थबकले. मी घाबरतच म्हणाले, "अण्णा, दोन मिनिटं थांबता का? तुम्ही दोघं जसं लावता तसंच मला लावून दाखवा. मी फक्त काटा बघते."

आधी नाना. त्यांनी नट नेहमीएवढा आवळला. मी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले आणि भिंतीजवळचा नळ सोडला, काटा उतरला, मोटर सुरू झाली. मग नळ बंद केला. काटा चढू लागला. अडीच, तीन, साडेतीन. साडेतीनच्या थोडा पुढे जाऊन तो तिथेच थरथरत राहिला. मोटर चालूच. आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत होतो. पाणी कुठेच जात नव्हतं आणि मोटर थांबत नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, विहीर खाली गेलेली. मोटरीची बरीच ताकद पाणी काठापर्यंत आणण्यातच जात होती. नानांनी बंद व्हायचा दाब जिथे नेला होता तिथे ती कधीच पोचणार नव्हती. मी बटण दाबून ती बंद केली.

मग अण्णा. त्यांच्याकडे पाना नव्हता. मोठा नट हाताने हलत नाही, म्हणून ते नेहमी पकडीने छोटा नट सैल करायचे. त्यांनी तो तसा केला. मी बटण पुन्हा चालू करून नळ थोडाच सोडला, फवारे चालतात तेवढा. मोटर सुरू झाली, लगेच बंद झाली, पुन्हा सुरू झाली. टक, टक, टक. दाढ ठणकल्यासारखी. नाना रोज चालू व्हायचा दाब वर नेत होते, अण्णा बंद व्हायचा दाब खाली आणत होते, आणि मोटरीला विसावा मिळायची जी मधली जागा, ती दोघांमध्ये चिमटून संपली होती. एक दिवस तिला थांबता येत नव्हतं, दुसऱ्या दिवशी चालता येत नव्हतं.

मी हे जमेल तसं सांगितलं. कुणाची चूक असं मी म्हणाले नाही, कारण मला खरंच तसं वाटत नव्हतं. नाना जमिनीकडे बघत होते. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना इचार, एवढा कशाला आवळायचा? मी एवढा कधी मागितला होता?"

नाना मला म्हणाले, "सांग त्याला, वरच्या माळ्यावर बाया-पोरं ऱ्हात्यात. पाणी कमी पडलं आन ते माझ्यामुळं पडलं असं नको. म्हणून एक आटा जास्तीचा द्यायचो."

"आणि अण्णा, तुम्ही इतका सैल का करता?" मी विचारलं.

अण्णांनी हातातली पकड मिटली. मग म्हणाले, "ट्रेमधली कवळी रोपं असत्यात. जोरानं माती उडती. नुसकान नको." आणि पकड खिशात घालता घालता ते एकदम माझ्याकडे न बघता नानांकडे वळले. "दादा, तू रोज एवढा देत व्हतास मला?"

नानांनी मान हलवली.  मी बाहेर येऊन उगाच पेटीतली हत्यारं लावत बसले.

उपाय साधाच होता. डबी पुन्हा दीड आणि अडीचवर लावली. अडीच किलो अण्णांच्या वरच्या मजल्याला पुरतात, हॉटेलसारखा जोर मिळत नाही एवढंच. ते त्यांनी मान्य केलं. नानांच्या लाइनीवर दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे त्यांच्या नळ्यांना जितकं सोसतं तितकंच पाणी आपोआप पुढे जातं. आता कुणाच्याही पाळीला डबी उघडायची गरज नव्हती. हे सगळं होईपर्यंत माझा पहिला तास बुडाला होता.

मी निघताना अण्णा फोनवर बोलत होते. बोअरची गाडी पाठवणाऱ्या माणसाशी असावेत. "सोमवारचं ऱ्हाऊ दे," ते म्हणत होते. "कायमचं म्हणत न्हाई. एवढा उन्हाळा बघू. हिरीला पाणी हाय आमच्या."

नाना मात्र खूश दिसत नव्हते. मला वाटेपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मग आता पाळी देताना मी करू काय?" मी म्हणाले, काही नाही, फक्त व्हॉल्व्ह फिरवायचा. ते त्यांना पटलं नाही, हे मला दिसत होतं.  मला मोटर वाचवायची होती, ती वाचली. पण त्यांच्या हातातलं काहीतरी मी काढून घेतलं, असं पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "आपण मोटरीचं काम करतो. माणसाचं ते बघून घेतील." मला ते पुरेसं वाटलं नाही.

तो उन्हाळा मोटरीने काढला. गाडी आली नाही. भाऊ बोलायला लागले का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन की मला नीट माहीत नाही. एकमेकांच्या घरी जाताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

पावसाच्या आधी मी टाकीतली हवा तपासायला एकदा सकाळी गेले होते. पाळी अण्णांकडे जायची होती. नानांनी व्हॉल्व्ह फिरवला, डबीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत. मी म्हणाले, "तुम्ही जा नाना, खोलीचं दार मी बंद करून घेते."

"जातो," ते म्हणाले. "त्याच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येऊ दे."